मान हलवली, एवढंच

बालगृहाच्या सूचनाफलकावर कागद लागला, तो मोठ्या बाईंनी सुनेकडून दोनदा वाचून घेतला. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, सून वाचायला चुकली. दुसऱ्या वेळी कळलं की सून बरोबर आहे, चुकलेत ते कागद काढणारे. मुलांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाने पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, शेवटी प्रमाणपत्र मिळवायचं, आणि ज्याच्याकडे ते नसेल त्याने मुलांजवळ फिरकायचं नाही.

"म्हणजे मीसुद्धा?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"प्रत्येकाने, असं लिहिलंय," सून म्हणाली.

"सव्वीस वर्षं झाली मला इथे. हा कागद चिकटवायला खळ लागली ना, तीसुद्धा माझ्याच स्वयंपाकघरातून आली असेल."

सून बहुधा गप्पच असायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, बालगृहात कारकून म्हणून लागून सहा. घरात सासू आणि कामावरही तीच सासू, असं ज्या बाईच्या नशिबी येतं तिने बोलायचं तरी कुठे?

बालगृहात मुलींच्या बाजूची सगळी देखरेख मोठ्या बाईंकडे होती. शाळा चौथीत सुटलेली. सही करायच्या ती चित्र काढल्यासारखी, जीभ दातांत धरून. पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांच्या हद्दीत एका पोरीच्या डोक्यात ऊ सापडणार नाही, एक चादर चुरगळलेली दिसणार नाही. अधीक्षक बदलत राहिले, बाई तिथेच. आणि बाईंची खरी ऐट कशात होती, तर मूल बोलतं करण्यात.

नवीन आलेलं मूल धक्का बसून मुकं झालेलं असायचं. बाकीचे हात टेकायचे. मग त्याला कोठीच्या खोलीत स्टुलावर बसवलं जायचं. मोठ्या बाई समोर बसायच्या, हातात बिस्कीट द्यायच्या आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणायच्या, "बापाने कोंडून ठेवलं होतं ना?" मूल मान हलवायचं. "जेवायला देत नव्हता ना?" पुन्हा मान. पाच मिनिटांत सगळी कहाणी बाहेर. मग बाई सांगायच्या, सून लिहायची, आणि अहवाल समितीकडे जायचा. कोणतं मूल घरी परत पाठवायचं आणि कोणतं नाही, हे ती समिती ठरवायची. बाई अभिमानाने म्हणायच्या, "मला पोराच्या पोटातलं दिसतं."

तीन आठवड्यांपूर्वी आलेली सहा वर्षांची मुलगीही अशीच स्टुलावर बसली होती. आई नव्हती, बाप कधी नव्हताच. मामाकडे वाढत होती. मनगटाच्या वरच्या बाजूला भाजल्याचा डाग होता, चांगला तीन बोटं रुंद. शाळेतल्या शिक्षिकेने तो पाहिला, कळवायचं तिथे कळवलं आणि मुलगी बालगृहात आली. आली तेव्हा तिच्या मुठीत शर्टाचं एक पांढरं बटण होतं. अंघोळ करताना सोडेना, झोपताना सोडेना. म्हणून बाईंनी तिचं नावच बटण ठेवलं.

"मामाने भाजलं ना गं?" बाईंनी विचारलं.

बटणने मान हलवली.

"तू ओढाओढ केलीस, तेव्हा त्याच्या शर्टाचं हे बटण तुटलं ना?"

बटणने मान हलवली.

सुनेने सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मुलगी म्हणाली, मामाने रागाच्या भरात माझा हात भाजला. झटापटीत त्याच्या शर्टाचं बटण तुटून माझ्या हातात आलं." बाईंनी ऐकलं आणि सही काढली. आता येत्या शनिवारी समिती बसणार होती. अहवाल मान्य झाला की बटणला लांबच्या मोठ्या संस्थेत कायमचं पाठवायचं आणि मामाला भेटीची बंदी करायची, असं जवळपास ठरल्यातच जमा होतं. जगात त्या पोरीचं म्हणावं असं दुसरं कोणीच नव्हतं.

सोमवारी प्रशिक्षण सुरू झालं, ते एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. बाकं पोरांच्या मापाची. सोळा बायका गुडघे पोटाशी घेऊन बसल्या, सूनही त्यांत. शिकवणारी मोठ्या बाईंच्या धाकट्या लेकीच्या वयाची, केस आखूड, आवाज हळू. तिने सगळ्यांना गोल करून बसायला सांगितलं. मोठ्या बाई हलल्या नाहीत. मग त्या जिथे होत्या तिथूनच गोल सुरू करावा लागला.

"तुला स्वतःची मुलं किती?" बाईंनी पहिल्याच तासाला विचारलं.

"नाहीत," शिकवणारी म्हणाली.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण वर्गातल्या सोळाही जणींना ऐकू गेलं.

पहिले दोन दिवस बाईंनी विणकाम केलं. शिकवणारी सांगायची, मुलाच्या उंचीला येऊन बोलावं, अंगाला हात लावण्याआधी विचारावं, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. बाई सुया चालवत पुटपुटत, "नाकाने कांदे सोलतेय नुसती." सून वहीत सगळं उतरवून घेत होती.

बुधवारी चहा झाल्यावर शिकवणारी फळ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "परवा सोमवारी सकाळी मी या दारातून आत आले, तेव्हा माझ्या हातातली पिशवी कुठल्या रंगाची होती, आठवतं कोणाला?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंनी सुया खाली ठेवल्या. असल्या बाबतीत त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

"हिरवी," त्या म्हणाल्या. "आणि एका बाजूचा बंद तुटका."

"तुम्हाला?" शिकवणारीने शेजारच्या बाईला विचारलं.

"हिरवीच. गाठ मारलेली होती बंदाला."

"तुम्हाला?"

"हिरवी. आत डबा होता बहुतेक."

असं करत करत प्रश्न गोलभर फिरला. एकीने पोपटी म्हणून पाहिलं, पण मोठ्या बाईंनी नुसती मान वळवली तशी ती म्हणाली, "गडद पोपटी. म्हणजे हिरवीच." सुनेला विचारलं तेव्हा ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "हिरवी."

शिकवणारी म्हणाली, "मी रिकाम्या हाताने आले होते. सामान रविवारीच इथे कपाटात आणून ठेवलं होतं. पिशवी नव्हतीच."

बायका हसल्या. एकमेकींना कोपरं मारली. जिने डबा पाहिला होता तिने तोंडाला पदर लावला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. कोणी तोंडात मारल्यासारख्या बसून राहिल्या. कारण त्यांना ती पिशवी अजूनही दिसत होती. हिरवी, तुटक्या बंदाची, गाठ मारलेली. आणि मग कळलं, ती कुठली. त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला होती ती.

"तुमच्यापैकी कोणीही खोटं बोललेलं नाही," शिकवणारी म्हणत होती. "मी पिशवी होतीच असं धरून विचारलं. मग विचारणाऱ्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून प्रत्येकीने काहीतरी दिलं. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्यावर माझं काही चालत नाही, तरी दिलंत. आता समोर सहा वर्षांचं मूल आहे आणि विचारणारी दुप्पट उंचीची आहे, असं समजा."

घरी जाताना सासू-सून नेहमीसारख्या पुढे-मागे चालत होत्या. वळणावर बाई थांबल्या, तशी सूनही थांबली.

"तू पाहिली होतीस पिशवी?"

"नाही, आई."

"मग हिरवी का म्हणालीस?"

सुनेने वही छातीशी धरली. "तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हटलं म्हणून तू विहिरीत उडी मारशील?"

"उडी मारायची नाही. पण तुमच्यापुढे नाही म्हणायची सवय कधी लागली मला? अकरा वर्षांत एकदा म्हटलं होतं, पडद्याच्या कापडावरून. पंधरा दिवस अबोला धरला होता तुम्ही."

"ते कापड चांगलंच होतं."

"हो, आई," सून म्हणाली.

त्या 'हो, आई'नंतर बाईंची पावलं घराऐवजी बालगृहाकडे वळली.

पाच वाजले होते. मुली पेले घेऊन दुधासाठी रांगेत उभ्या होत्या. बटण शेवटी होती, मूठ मिटलेली. बाईंनी तिच्या पेल्यात दूध ओतलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "तू मघाशी एकदा दूध पिऊन गेलीस ना गं?"

बटणने मान हलवली.

बाईंच्या हातातलं भांडं थांबलं. "आणि सकाळी कावळ्याने माझा चष्मा उचलून नेला ना?"

चष्मा बाईंच्या नाकावर होता. बटणने त्याच्याकडे पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

रांगेतली एक मोठी मुलगी फिदीफिदी हसली. "आजी, तिला काहीही विचारा, ती होच म्हणते. आम्ही तर तिला होयबाच म्हणतो."

"कधीपासून?"

"आली त्या दिवसापासून."

म्हणजे दुधाच्या रांगेतल्या पोरींना जे पहिल्या दिवशी कळलं, ते सव्वीस वर्षं पोटातलं बघणाऱ्या बाईंना तीन आठवड्यांत कळलं नव्हतं. बाईंनी उरलेलं दूध निमूट वाढलं. त्या दिवशी कोणाच्या पेल्यात किती पडलं, याचा त्यांना पत्ता नव्हता.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर बायका निघून गेल्या. बाईंनी सुनेला पुढे पाठवलं आणि स्वतः बाकं सरळ करत रेंगाळल्या. शिकवणारी फळा पुसत होती.

"एक बाई होती," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या एका संस्थेत."

शिकवणारीने फडकं ठेवलं आणि समोरच्या छोट्या बाकावर येऊन बसली. काही विचारलं नाही.

"तिने एका मुलीला विचारलं. म्हणजे तसं चांगल्या मनानेच. मुलीच्या हाताला डाग होता."

बाहेर कोणीतरी नळ उघडा टाकला होता, त्याचा आवाज येत होता.

"तर ती म्हणाली, मामाने भाजलं ना? आणि मुलीने मान हलवली." बाईंनी बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "आता बघ, विचारलं असंही म्हणता येत नाही ते. सांगितलंच की तिने पोरीला. पोरीने फक्त पोच दिली."

तरीही समोरची बोलेना. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ही काही विचारत का नाही? विचारलं असतं तर चार उलटी उत्तरं देऊन मोकळं होता आलं असतं. नुसतं बसून ऐकणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"बटण त्याच्या शर्टाचं आहे, हेही तिनेच ठरवलं. त्याचा शर्ट तिने पाहिला होता का? नव्हता. मामा काळा की गोरा, हेही तिला माहीत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "परवा समिती आहे. आणि ती बाई दुसऱ्या संस्थेतली नाही."

"बरं," शिकवणारी म्हणाली.

"बरं काय? मला उपाय सांग."

"एक आहे. पण तुम्हाला जड जाईल. मुलीला परत काही विचारायचं नाही."

"मग खरं कसं कळणार?"

"ते ऐकायला वेगळी माणसं असतात, शिकलेली. समितीला सांगितलं तर ती पाठवेल. तुम्ही आज पुन्हा विचारलंत तर ती पुन्हा तुम्हाला हवं तेच देईल. तिने आपणहून काही सांगितलं, तर ऐका आणि तिच्याच शब्दांत लिहा. तुमचा एकही शब्द त्यात नको."

"मला लिहायला जमत नाही फारसं."

"मग उत्तमच. सजवायला जमणार नाही."

बाईंना हसू येता येता राहिलं. "आणखी?"

"तुम्ही चुकू शकता, एवढं तिला कळू द्या."

"मी?" बाई म्हणाल्या. सवयीने आलं तोंडात. मग त्या उठल्या आणि शेवटचं बाक भिंतीला लावलं.

शुक्रवारी दुपारी शेवटचा तास झाला. प्रमाणपत्रं वाटली. मोठ्या बाईंचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या सगळ्यांत जास्त वाजल्या, पण बाईंनी कागद न बघताच घडी करून ठेवला आणि बालगृहात परतल्या. वाळलेल्या कपड्यांचा ढीग वरच्या ओसरीत पडला होता. बाई घड्या घालायला बसल्या. थोड्या वेळाने बटण आली आणि ढिगाच्या पलीकडे बसली.

"आज बुधवार," बाई फ्रॉक झटकत म्हणाल्या.

बटणने मान हलवली.

"चुकलं माझं. बुधवार नाही, शुक्रवार. मी चुकते कधीकधी. चुकले की मला सांगायचं. मी रागावणार नाही." मग जरा विचार करून म्हणाल्या, "मी म्हटलं की तू मुलगा आहेस, तर?"

मुलीने अर्धी मान खाली नेली आणि तिथेच थांबवली. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मुलगी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की कपड्यांच्या सळसळीत हरवला असता.

"बरोबर. मी चुकले होते."

बराच वेळ दोघी घड्या घालत होत्या. मग बाईंचं लक्ष गेलं. पोरीने एक शर्ट ओढून घेतला, पालथा घातला, बाह्या पाठीवर दुमडल्या, तळहाताने दाबून सुरकुत्या काढल्या, उलटा केला आणि कॉलर दोन बोटांनी उभी केली. सहा वर्षांचं पोर, पण घडी अशी, की दुकानातून आणल्यासारखी. बाईंच्या ओठांवर प्रश्न आला. त्यांनी तो गिळला.

"मामा अशी घालतो," बटण आपणच म्हणाली. "इस्त्री झाली की."

"अस्सं," बाई म्हणाल्या.

"लोकांचे शर्ट. खूप असतात. बटणं पडतात ना, ती मी गोळा करते. मग मामा शिवतो." तिने मूठ उघडून बटण शर्टावर ठेवलं. "हे टेबलावर पडलं होतं. मी घ्यायला हात घातला. मामा तिकडे बघत होता. इस्त्री आली."

बाईंच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. आणि आता गंमत अशी, की त्यांची जीभ उलट्या बाजूने वळवळायला लागली. 'मग मामाने लगेच पाणी ओतलं ना? मामा चांगला आहे ना?' इतकंच विचारायचं होतं. पोरीने लगेच मान हलवली असती आणि बाईंचाही जीव भांड्यात पडला असता. बाईंनी दात घट्ट मिटले. कानशिलं दुखायला लागली, तरी उघडले नाहीत.

"मामा ओरडला," बटण म्हणाली. "मग माझ्याशी बोललाच नाही. चड्डीवरच बाहेर गेला औषध आणायला."

पुढे ती काही बोलली नाही. बाईंनीही विचारलं नाही. घड्या संपल्यावर त्या कोठीच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसल्या. तासभर लागला. अक्षरं वेडीवाकडी, काना इकडे तर मात्रा तिकडे. 'इस्त्री' तीनदा खोडून लिहावं लागलं. सून आत डोकावली.

"आई, मी लिहून देऊ?"

"नको. तुझं अक्षर फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या अक्षरात मी काहीही सांगितलं तरी खरं वाटतं."

शनिवारी समितीच्या दाराबाहेर एक लांब बाक होतं. त्यावर एक किडकिडीत माणूस बसला होता. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली, शर्ट जुनाच पण घडी मोडलेली नाही. बाईंना पाहून तो सरकला. "बसा आजी. वेळ लागेल."

बाई बसल्या. हिरवी पिशवी मांडीवर. आत ते प्रमाणपत्र होतं, सुनेने बळेच घातलेलं. बाईंनी चोरून त्याच्या शर्टाकडे पाहिलं. सगळी बटणं जागेवर होती, आणि सगळी एकाच दोऱ्याने शिवलेली.

"तुमचं कोण आहे आत?" त्याने विचारलं.

"तुमचंच," बाई म्हणाल्या. "तुम्ही भाजलं, असं लिहून देणारी ती मीच."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्याने नुसती मान खाली घातली. "माझं लक्ष नव्हतं तेव्हा," तो म्हणाला. "म्हणजे मीच की."

आत लांब टेबल होतं. मधोमध अध्यक्षबाई, समोर तो अहवाल, सुनेच्या सुवाच्य अक्षरातला.

"यात लिहिलंय, 'मुलगी म्हणाली, मामाने माझा हात भाजला,'" अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे वाक्य तिचं?"

"नाही. माझं आहे. मुलीने मान हलवली, एवढंच."

"मान हलवली म्हणजे हो म्हणाली ना?"

"माझा चष्मा कावळ्याने नेला, यालाही तिने मान हलवली. चष्मा नाकावर होता माझ्या." टेबलाच्या कडेचा एक गृहस्थ हसला, बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तो हसायचा थांबला. "मी विचारलं तशी तिने मान हलवली. आपणहून बोलली ते या कागदावर आहे. वाचायला त्रास होईल. पण त्यात माझं काही नाही."

अध्यक्षबाईंना खरंच त्रास झाला. त्या बराच वेळ वाचत होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "या एका कागदावर मी मुलगी सोडणार नाही. तुम्ही आधी एक दिला होतात, आज दुसरा आणलात."

"सोडूही नका. ज्यांना ऐकता येतं त्यांना पाठवा."

"पाठवू. तोवर निर्णय थांबेल, आणि मामाला रविवारी भेटता येईल, कोणीतरी समोर असताना." त्यांनी टाचण करून घेतलं आणि पेन तसंच हातात ठेवलं. "बाई, तुम्ही असे किती अहवाल दिलेत?"

बाईंनी तोंड उघडलं आणि आकडा सापडेना. सव्वीस वर्षं. स्टुलावरची एकेक पोरं. किती खरं बोलली होती, बरीच असतील, डाग खरे होते, उपासही खरे होते. पण त्यांतल्या किती माना नुसत्या बिस्किटासाठी हलल्या, हे आता कोण सांगणार?

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्या टेबलापुढे हे दोन शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते.

जे अजून समितीपुढे होते ते अहवाल परत तपासायचं ठरलं. आणि मोठ्या बाईंनी पुढच्या तुकडीत प्रशिक्षण पुन्हा घ्यायचं, तोवर कोणत्याही मुलाला एकटीने प्रश्न विचारायचे नाहीत, असाही हुकूम निघाला. मागे उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा पडला. बाईंनी हिरवी पिशवी काखेत मारली आणि बाहेर आल्या.

पुढचे दोन महिने सरळ गेले असं नाही. ऐकणारी बाई तीनदा आली, बटणशी चित्रं काढत बसली, दार बंद करून. आत काय झालं ते मोठ्या बाईंना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही, म्हणजे पहिल्या वेळी विचारलं, मग नाही. कोणी मामाचं इस्त्रीचं दुकान पाहून आलं, कोणी शेजाऱ्यांशी बोललं. मामा दर रविवारी यायचा आणि बाकाच्या टोकावर बसून मुलींच्या फ्रॉकची सुटलेली बटणं शिवायचा. बाई पुढच्या तुकडीत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. पिशवीचा प्रश्न आला तेव्हा सगळ्या वर्गात त्या एकट्या गप्प होत्या, आणि शेजारणीने "निळी" म्हटलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी समितीने मुलगी मामाला दिली. दुकान आणि राहती खोली यांच्यामध्ये दार बसवायचं, इस्त्री चालू असेपर्यंत पोरीने आत यायचं नाही आणि वर्षभर दर महिन्याला कोणीतरी जाऊन बघायचं, अशा अटींवर.

जायच्या दिवशी सकाळी बाईंनी बटणला ओसरीत पुढ्यात घेतलं. त्यांची वेणी प्रसिद्ध होती. एकदा घातली की तीन दिवस केस हलायचे नाहीत, डोळे मात्र कानाकडे ओढले जायचे. सून बाजूला बसून पोरीच्या कपड्यांची पिशवी भरत होती. फाटकाशी मामा उभा होता, नेहमीसारखा अर्धा तास आधी आलेला.

बाईंनी पहिला पेड ओढला. दुसरा ओढला.

"घट्ट नको," बटण म्हणाली.

सुनेचे हात थांबले. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग सासूकडे.

बाईंनी तीन महिने ही वेणी घातली होती, रोज, अशीच. आणि रोज विचारलं होतं, "छान झाली ना?" त्यांनी दोन्ही पेड सोडून दिले. केस पोरीच्या खांद्यावर पसरले. "दोन वेण्या घालू ना?" असं अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी परतवलं.

"कशी हवी, सांग," त्या म्हणाल्या.

बटण विचार करू लागली. तिला वेळ लागत होता. फाटकाशी मामाने अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मोठ्या बाई कंगवा हातात धरून थांबल्या.